वाढदिवसाची सहल, डायनासोरांसोबत: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

डायनासोरवेड्या मुलांच्या पालकांची पत्रं या वेळी इतकी आली, की सगळा स्तंभ त्यांनाच देऊन टाकला आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: मुलगी पुढच्या महिन्यात चार वर्षांची होईल. घरात डायनासोरांशिवाय दुसरा विषय नसतो. पाच-सहा मैत्रिणींसह तिला हलणाऱ्या, डरकाळ्या फोडणाऱ्या डायनासोरांच्या पार्कमध्ये न्यावं, संग्रहालयात न्यावं, की साध्या बागेतच काही करावं?

चौथ्या वाढदिवसाला साधी बाग, तीही तिच्या पायाखालची. संग्रहालय पाचव्या-सहाव्या वर्षी. हलणाऱ्या पुतळ्यांकडे मात्र वयापेक्षा स्वभाव पाहून जावं.

पुस्तकात जो प्राणी वीतभर असतो तो तिथे दुमजली होतो आणि वर ओरडतो. नावं घडाघडा म्हणणारं मूलच अनेकदा आधी भोकांड पसरतं, कारण हा प्राणी काय खातो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. या पुतळ्यांची रचना समजून घेतली तर निम्मी पंचाईत टळते. आत लोखंडी सांगाडा आणि मोटरी असतात, त्यावर स्पंजचा जाड थर आणि सर्वांत वर सिलिकॉनची कातडी. बऱ्याच ठिकाणी पुतळ्यासमोर सेन्सर लावलेला असतो आणि कुणी जवळ आलं की आवाज व हालचाल सुरू होते. म्हणजे मूल मोठ्या हिमतीने दोन पावलं पुढे टाकतं आणि नेमका त्याच क्षणी तो जबडा उघडतो. यापेक्षा वाईट मुहूर्त नाही.

म्हणून मुलांना वीसेक पावलं मागे थांबवा आणि एका मोठ्या माणसाला एकट्याला पुढे पाठवा. पुतळा काय काय करतो, ते मुलांना लांबून सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू दे. तो शांत झाला की विचारा, ‘आधी डोळे मिटले की आधी शेपटी हलली?’ क्रम ओळखायचा खेळ सुरू झाला की भीती मागे पडते. आवाज सहन होत नसणाऱ्या मुलासाठी कानांवर बसणारे इअरमफ न्या, पण ते दारातच चढवा. घाबरल्यानंतर कुठलंच मूल डोक्याला हात लावू देत नाही.

घाबरलेल्या मुलाला बाहेर घेऊन कोण बसणार हेही आदल्या दिवशी ठरवा. ते मूल वाढदिवसाचंच असू शकतं! म्हणून सगळ्या घोळक्याची जबाबदारी आईवडिलांनी स्वतःकडे न ठेवता तिसऱ्या कुणाकडे द्यावी.

प्रश्न: किती मुलं न्यावीत, बरोबर मोठी माणसं किती, आणि एकूण वेळ किती धरावा?

पाच वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठा माणूस आणि त्यावरच्या वयाला चार-पाच मुलांमागे एक. यात फोटो काढणारा मोजू नका, त्याचं लक्ष पडद्यावर असतं.

वेळ दोन ते अडीच तास, प्रवास सोडून. सकाळी दहाला भेटायचं ठरलं तर पहिली वीस मिनिटं येणाऱ्यांची वाट पाहण्यात जातात. तेवढ्यात मुलांनी काय करायचं, हे ठरलेलं असावं. जमिनीवर पसरलेला मोठा कागद आणि खडू पुरतात. साडेदहाला मुख्य खेळ, सव्वाअकराला सगळ्यांना शौचालय आणि हात धुणं, साडेअकराला केक आणि खाणं. त्यानंतर नुसतं मोकळं पळू द्या आणि साडेबाराला निरोप घ्या. मुख्य खेळ एकच ठेवा. खोदकाम, मुखवटे रंगवणं, शोधाशोध आणि गोष्ट असं सगळं एकाच सकाळी कोंबलं की प्रत्येक खेळ रंगात येतो तेव्हाच मोडावा लागतो आणि तिसऱ्या खेळाला मुलं चिडलेली असतात.

सगळ्यांना एकाच भडक रंगाच्या टोप्या द्या. हिरव्या नकोत, झाडीत मूल दिसत नाही. मनगटावरच्या कागदी पट्टीवर फोन नंबर लिहा, पण आतल्या बाजूला. नाव बाहेर दिसेल असं लिहू नये, कारण नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसावर लहान मूल चटकन विश्वास ठेवतं.

प्रश्न: जीवाश्म खणून काढायचा खेळ ठेवायचा आहे. मागच्या वर्षी एका ओळखीच्यांकडे प्लास्टरची अंडी केली होती. ती इतकी टणक झाली की शेवटी मोठ्यांनीच हातोडीने फोडली आणि मुलं नुसती बघत बसली. योग्य प्रमाण काय?

निव्वळ प्लास्टर ऑफ पॅरिस वापरलं असणार. ते वाळल्यावर दगड होतं. त्यात वाळू घातली की त्याची पकड सुटते आणि ते भुसभुशीत राहतं. १ वाटी प्लास्टरला २ वाट्या चाळलेली बारीक वाळू आणि पाऊण ते एक वाटी गार पाणी, इथून सुरुवात करा. आधी भांड्यात पाणी घ्यायचं, त्यावर प्लास्टर भुरभुरायचं, मिनिटभर भिजू द्यायचं, मग वाळू घालून सावकाश ढवळायचं. उलट क्रमाने केलं तर गुठळ्या होतात. कोमट पाणी घेतलं किंवा खूप घोटलं तर मिश्रण भांड्यातच आवळतं.

साच्यासाठी फुगा वापरायचा सल्ला अनेक जण देतात, पण वाळूचं मिश्रण फुग्याच्या तोंडातून आत जातच नाही. त्यापेक्षा खोलगट वाटीत पातळ प्लास्टिकचा कागद अंथरा, निम्मं मिश्रण घाला, मधोमध खेळण्यातला डायनासोर ठेवा, वर उरलेलं मिश्रण घालून कागदाची टोकं पिळा. पुरचुंडी आपोआप अंड्याच्या आकाराची होते. तासाभराने कागद सोडवा आणि अंडी वाऱ्यावर दोन दिवस वाळू द्या. आतून ओलं राहिलेलं अंडं फुटत नाही, ते ब्रशला चिकटत राहतं. प्लास्टर प्रत्येक ठिकाणी थोडं वेगळं मिळतं, म्हणून आठवडाभर आधी एकच अंडं करून, वाळवून, मुलाकडूनच उकरून पाहा. आइस्क्रीमच्या लाकडी काडीने दहा मिनिटांत खेळणं दिसू लागलं तर प्रमाण बरोबर. नाही दिसलं तर पुढच्या अंड्यांत वाळू अर्धी वाटी वाढवा.

हे मिश्रण मोठ्यांनीच करायचं आणि कोरडी पूड ओतताना तोंडाला मास्क लावायचा. प्लास्टर आवळताना गरम होतं. जाड गोळ्यात हात रुतवून ठेवला तर गंभीर भाजू शकतं, त्यामुळे त्यात ‘हाताचा ठसा’ घ्यायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. उरलेलं मिश्रण सिंकमध्ये ओतलं तर ते पाइपातच घट्ट बसतं. भांड्यात सुकू द्यायचं, मग सोलून कचऱ्यात.

चार वर्षांच्या मुलांना हेही जड जाईल. त्यांच्यासाठी खाण्याच्या सोड्याची अंडी करा. मुठीत दाबल्यावर गोळा टिकेल इतकंच पाणी सोड्यात घालायचं, खेळण्याभोवती घट्ट थापायचं आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचं. बागेत त्यावर व्हिनेगर टाकलं की फेस येतो आणि त्यातच मुलांची सगळी मजा असते. मात्र सगळं अंडं फेसातच विरघळेल ही अपेक्षा ठेवू नका. १०० ग्रॅम सोडा पूर्ण संपवायला ५ टक्के तीव्रतेचं व्हिनेगर जवळजवळ दीड लिटर लागतं. प्रत्येकी अर्धा कप द्या, फेसाचा भर ओसरला की उरलेलं चमच्याने उकरू द्या. व्हिनेगर ड्रॉपरने किंवा चमच्याने घालायचं. फवाऱ्याची बाटली हातात आली की पाच मिनिटांच्या आत कुणाच्या तरी डोळ्यांत जातंच.

प्रश्न: अंड्यांऐवजी वाळूतच हाडं पुरली तर? वाळू किती लागेल?

आम्हाला अंड्यांपेक्षा हेच आवडतं. हाडं मिठाच्या कणकेची करता येतात: २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी. जाडी १ सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि ओव्हनमध्ये ११० अंशांवर अडीच-तीन तास सुकवा. आच वाढवली तर फुगतात आणि तडकतात. बागेत कुत्री असतील तर ही हाडं पडू देऊ नका. त्यातलं मीठ कुत्र्यासाठी घातक ठरतं.

वाळूचा हिशेब आधी करा, कारण तिचं वजन सगळ्यांना फसवतं. ६० बाय ४० सेंटिमीटरच्या टबात १० सेंटिमीटरचा थर म्हणजे २४ लिटर, आणि कोरडी वाळू लिटरला साधारण १.६ किलो भरते. एका टबाला ३८ किलो! एका टबाभोवती तीनच मुलं नीट बसतात, म्हणजे सहा मुलांना दोन टब. दहा-दहा किलोच्या पिशव्या करा आणि टब जागेवर नेऊन भरा. भरलेला टब उचलला की बूड फाटतं.

बांधकामाची वाळू आणली तर चाळून, धुऊन घ्या. तिच्यात खडे आणि टोकदार तुकडे असतात. ओलावा बेताचा हवा: फुंकर मारली तर उडू नये, आणि मुठीत दाबली तर गोळा होऊ नये. फार कोरडी वाळू डोळ्यांत जाते, फार ओलीवर ब्रश चालत नाही.

खरी गडबड पुढे होते. हाडं नुसती विखरून पुरली तर दोन चपळ मुलं तीन मिनिटांत सगळी गोळा करतात आणि उरलेली रडतात. टबावर सुतळीने तीन चौकटी आखा, प्रत्येक चौकटीत चार-चार हाडं पुरा आणि जवळ एका मोठ्या पुठ्ठ्यावर पूर्ण सांगाड्याची बाह्यरेषा काढून ठेवा. सापडलेलं हाड घरी न्यायचं नाही, आधी त्या सांगाड्यात बसवायचं. खोदणं संथ होतं, आणि कवटी कुणाला मिळाली यावरून भांडणही होत नाही, कारण ती सगळ्यांच्या सांगाड्याची असते. हत्यारं म्हणून इंचभर रुंदीचा रंगाचा ब्रश आणि चहाची गाळणी पुरे.

पुरलेल्या वस्तू मोजून पुरा आणि मोजून परत घ्या. सोबत तीन वर्षांखालचं भावंड असेल तर लहान वस्तूंची एक कसोटी आहे: खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीतल्या नळीचा व्यास ३.१७ सेंटिमीटर असतो, तिच्यात जे पूर्ण मावतं ते त्या वयाच्या मुलाच्या घशात अडकू शकतं. घरी टॉयलेट पेपरच्या रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या. ती थोडी रुंद असते, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते.

प्रश्न: मुलगा सहा वर्षांचा होतो आहे. गेल्या वर्षीच्या सजावटीत टी-रेक्स आणि स्टेगोसॉरस शेजारी पाहून त्याने सगळ्यांसमोर नाक मुरडलं. या वेळी चूक नको. काय सांभाळावं?

मुलगा बरोबर आहे. स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, टी-रेक्स ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे टी-रेक्सला स्टेगोसॉरसपेक्षा आपण जवळचे. टी-रेक्सशेजारी ट्रायसेराटॉप्स उभा करा, ते दोघे खरोखरच एका काळात आणि एका प्रदेशात होते.

सजावटीत नेहमी घुसणारे तिघे डायनासोर नाहीतच. टेरानोडॉन हा उडणारा सरीसृप, प्लेसिओसॉर हा समुद्रातला सरीसृप आणि पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन तर डायनासोर जन्मण्याच्या कितीतरी आधी होऊन गेला, शिवाय तो सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांना जास्त जवळचा. व्हेलोसिरॅप्टर माणसाएवढा दाखवलेला असेल तर तेही चूक. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तो दोन मीटरच्या आत-बाहेर, पण कमरेपर्यंतची उंची अर्धा मीटर, आणि अंगावर पिसं. पक्षी हे डायनासोरांचेच वंशज, त्यामुळे बागेतल्या शोधयादीत ‘एक जिवंत डायनासोर’ असं जरूर लिहा. उत्तर फांदीवर बसलेलं असतं, आणि ते आधी ओळखायचा मान तुमच्या मुलालाच मिळेल.

अशा मुलासाठी मुख्य खेळ दोरीचा ठेवा. २५ मीटर लांबीची बोटभर जाड सुती दोरी घ्या आणि १ मीटर म्हणजे १ कोटी वर्षं असं प्रमाण धरा. एका टोकाला ‘आज’. तिथून ६.६ मीटरवर लाल फीत, अशनी आदळला आणि पक्षी सोडून बाकीचे डायनासोर संपले ती जागा. तिच्या लगेच पलीकडे २० सेंटिमीटर पट्टा टी-रेक्सचा. साडेसात मीटरच्या अलीकडे व्हेलोसिरॅप्टर, १५ मीटरच्या आसपास स्टेगोसॉरस आणि डिप्लोडोकस, २३ मीटरवर सर्वांत पहिले डायनासोर. खेळण्यातला प्रत्येक प्राणी मुलांनी आपापल्या जागी नेऊन ठेवायचा. शेवटी विचारा, माणूस कुठे? आपली जात साधारण ३ लाख वर्षांची, म्हणजे ‘आज’च्या टोकापासून ३ सेंटिमीटर. मुलाची दोन बोटं ठेवली की जागा भरली.

हीच दोरी लांबी मोजायलाही चालते, कारण डिप्लोडोकस सुमारे २५ मीटर लांब होता. टी-रेक्स १२ मीटर. सहा वर्षांची मुलं हात पसरून एका ओळीत उभी राहिली तर प्रत्येकी १.१ ते १.२ मीटर होतात, म्हणजे दहा-अकरा मुलांचा एक टी-रेक्स. दोरी जमिनीवरच ठेवा, खेळ संपताच गुंडाळा. ताणून धरलेली दोरी धावणाऱ्या मुलाच्या गळ्याच्या उंचीवर येते.

प्रश्न: बागेच्या दारापासून खेळाच्या जागेपर्यंत पावलांचे ठसे काढायचे आहेत. कसे आणि किती मोठे?

मांसाहारी डायनासोराचा ठसा तीन बोटांचा, मधलं बोट सर्वांत लांब, टोकाला नखाची खूण. ४५ सेंटिमीटर लांबीचा पुठ्ठा कापून साचा करा. ठसे दोन समांतर रांगांत नका काढू, हे प्राणी जवळजवळ एकाच रेषेत पावलं टाकत. जीवाश्म ठशांवरून उंची काढायचा ढोबळ नियम असा, की कमरेची उंची ठशाच्या लांबीच्या चौपट. तुमच्या ठशाचा मालक कमरेशीच १.८ मीटर झाला. तेवढ्या उंचीवर झाडाला फीत बांधा, मुलं मान वर करून पाहतातच. दोन ठशांतलं खरं अंतर दोन-अडीच मीटर आलं असतं, पण मुलांना उड्या मारता याव्यात म्हणून ६० सेंटिमीटर ठेवा. डायनासोरतज्ज्ञ चिरंजीवांनी हरकत घेतली तर ‘तो दबकत चालला होता’ असं सांगा.

डांबरी वाटेवर खडूने भरा. गवतावर खडू दिसत नाही, तिथे पुठ्ठ्याचेच ठसे ठेवून दोन्ही टोकांना खडे ठेवा. गुळगुळीत फरशीवर कागदी ठसे अजिबात नकोत, त्यांवरून पाय घसरतो.

प्रश्न: सगळ्यांना मुखवटे द्यावेत की पूर्ण पोशाख? एक काका हवा भरलेल्या डायनासोरच्या पोशाखात यायला तयार आहेत.

मुखवट्याने पायाखालचं दिसत नाही. शेपटी द्या. कापडाचा शंकू शिवून त्यात कापूस भरायचा, लांबी गुडघ्यापर्यंतच, आणि पट्टा वेल्क्रोचा. नाडीने बांधलेली शेपटी कुठे अडकली तर सुटत नाही. घसरगुंडी आणि झोपाळ्यावर जाण्याआधी सगळ्या शेपट्या काढून एका टोपलीत.

काकांना येऊ द्या, पण अचानक नको. त्यांनी साध्या कपड्यांत सगळ्यांना भेटावं आणि मुलांसमोर पोशाख चढवावा. पंखा सुरू होतो, पोशाख हळूहळू फुगतो, यात मुलांना गंमत वाटते. त्या पोशाखात समोरचं अगदी थोडं दिसतं, पायाशी आलेलं मूल तर दिसतच नाही, म्हणून शेजारी एक माणूस हवा. पंखा बॅटरीवर चालतो, नव्या बॅटऱ्या घालून जा. पंखा मंदावला की डायनासोर चालता चालता मोकळा लोंबू लागतो. उन्हात पंधरा मिनिटं पुरेत.

प्रश्न: केकवर प्लास्टिकचे डायनासोर ठेवले तर चालतील?

कोमट साबणाच्या पाण्यात घासून, पूर्ण वाळवून, आणि खालच्या पायांना खाण्यायोग्य कागदाची चकती लावून. रंग निघणारे नकोत. आधारासाठी टूथपिक टोचू नका, केक वाटताना एखादी आत राहते. गाडीतून नेताना केकचा खोका सीटवर न ठेवता खाली सपाट जागी ठेवा. सीटला उतार असतो आणि पहिल्याच वळणावर ज्वालामुखी कलंडतो.

प्रश्न: ऐन दिवशी पाऊस आला तर?

निर्णय आदल्या संध्याकाळी घ्या आणि सगळ्यांना एकाच वेळी कळवा. सकाळी आठला ‘बघू या’ म्हटलं की निम्मे पालक निघालेले असतात. ढगांचा गडगडाट असेल तर झाडाखाली आडोसा घ्यायचा नाही, इमारतीत किंवा गाडीत जायचं.

घरात वाळू आणू नका. प्लास्टरची अंडी कडा असलेल्या ताटलीत, खाली वर्तमानपत्र घालून चालतात. सोड्याची अंडी बाथरूममध्ये. दोरी घरात सरळ मावणार नाही, तर तिच्याऐवजी भिंतीवर अडीच मीटरचा कागद चिकटवा आणि १० सेंटिमीटरला १ कोटी वर्षं धरा. पहिला डायनासोर २ मीटर ३० सेंटिमीटरवर येतो, अशनी ६६ सेंटिमीटरवर. माणसाच्या वाट्याला ३ मिलिमीटर राहतात, म्हणजे जाड स्केचपेनची एक उभी रेघ. ती वाढदिवसाच्या मुलाला काढू द्या.